उजव्या हाताचं दार

ते एकोणीसशे एकोणसत्तर साल होतं. नदी शहरात येऊन बसली होती आणि परत जायचं नाव काढत नव्हती. शाळेच्या पायऱ्यांवर संध्याकाळचा उजेड पाण्याबरोबर वरखाली होत होता, आणि मामंजी चपला हातात घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एकेक पायरी पाण्यात उतरत होते.

"मामंजी! अहो, कुठं निघालात?"

"घरी," ते मागे न बघता म्हणाले. "दिवे लागले की. तुझी सासू खोळंबली असेल."

दिवे लागले होते हे खरं. शाळेतले कंदील पाण्यात उतरले होते आणि समोर नदीऐवजी दिवेलागणीची एखादी गल्ली पसरली आहे असं वाटत होतं. कुणालाही उतरून जावंसं वाटलं असतं. पण सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि नदीकाठचं ते घर आता कौलांपर्यंत पाण्याखाली होतं.

सुनेने पाण्यात उडी घेतली आणि त्यांची बाही धरली. ती छत्र्या दुरुस्त करायची. नवरा गेल्यावर त्याचं छत्र्यांचं दुकान तिनेच चालवलं होतं, आणि बाजारात सगळे तिला छत्रीवाली म्हणूनच ओळखत. छत्रीची काडी न मोडता कशी सरळ करायची हे त्या बोटांना ठाऊक होतं. तसंच तिने सासऱ्यांना हलके हलके वळवून पायऱ्यांवर आणलं.

वरच्या पायरीवर छावणीचे साहेब उभे होते. कित्येक दिवस झोप न झालेला, सज्जन माणूस.

"ताई, हे रोजचंच झालं," ते म्हणाले. "एखाद दिवशी तुमची नजर चुकली तर? शनिवारी सकाळी ट्रक येतायत. सगळ्यांना टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचंय. आजोबा आपल्या पायांनी चढले तर उत्तम. नाही चढले, तर मी इस्पितळाची गाडी बोलावणार. तिथं माणसं आहेत सांभाळायला."

"सांभाळायला म्हणजे?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "दाराला कुलूप असतं," ते म्हणाले. "आणि खाटेला पट्टे."

त्यांच्या वाट्याला चित्रकलेचा वर्ग आला होता. उंच खिडक्या, कोपऱ्यात एकावर एक रचलेले चित्र काढायचे लाकडी फळे, कपाटावर प्लास्टरची डोकी. त्यातल्या एकाचं नाक तुटलेलं होतं आणि तरीही तो हसत होता. बाहेरच्या पाण्याचा उजेड दिवसभर वर्गाच्या छतावर हलत असे. उताणं पडलं की वाटे, आपण तळाशी आहोत आणि वरून कुणीतरी होडी वल्हवत चाललंय.

तिथेच, नाक तुटलेल्याच्या बरोबर खाली, वन्संनी अंथरूण टाकलं होतं. छत्रीवालीची ही थोरली नणंद टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. "कोणता नंबर हवाय आपल्याला?" असं फोनवर इतकं गोड विचारायची की फोन करणारा नंबर विसरून जायचा. घरात मात्र जिभेला धार. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

"लोकांनी दागिने वाचवले," वन्सं सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कुणी शिवणयंत्र वाचवलं, कुणी मांजर. आमच्या वहिनीनं काय आणलं? पोतंभर मोडक्या छत्र्या! त्याही लोकांच्या!"

"दुरुस्तीला आलेल्या आहेत, वन्सं. परक्याची वस्तू."

"इतक्या वर्षांत आलं का कुणी न्यायला?"

"उद्या आले तर?"

"तर पोहत येतील!"

मामंजी हसले. त्यांना विनोद कळत असे. घर बुडालंय, एवढंच तेवढं कळत नसे. सकाळी सांगावं, तर मान डोलवून "अरेरे" म्हणत, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. आणि दिवे लागले की उठत.

ते रंगारी होते. जन्मभर दुसऱ्यांची घरं रंगवली, आणि डब्यांच्या तळाशी जे उरलं ते आपल्या घराला लावलं. त्यामुळे त्यांच्या एका खोलीच्या चार भिंतींना चार रंग होते. एक बँकेची पिवळी, एक इस्पितळाची फिकट हिरवी, एक शाळेची निळी आणि एक कुणा हौशी डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्याची गुलाबी. दार लालभडक, टपालपेट्या रंगवून उरलेल्या रंगाचं. नवी नवरी होऊन ती त्या घरात आली तेव्हा तिला हसूच फुटलं होतं. मामंजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "हसून घे. पण इथं बसलं ना, की अख्ख्या गावात बसल्यासारखं वाटतं."

खाटेवर बसलं की उजव्या हाताला दार, डाव्या हाताला खिडकी. बाहेर जाताना आणि आत येताना ते चौकटीवर तळवा टेकवत. घराला शाबासकी दिल्यासारखा. तिथला लाल रंग काळपट आणि गुळगुळीत झाला होता, आणि बाकी सगळं घर पुन्हापुन्हा रंगवणाऱ्या मामंजींनी तेवढ्या जागेला कधी ब्रश लावला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाचं छत गळू लागलं, आणि नेमकं मामंजींच्या डोक्यावर. छत्रीवालीने पोत्यातली सगळ्यात मोठी काळी छत्री काढली आणि त्यांच्यावर धरून बसली. थेंब टपटपत राहिले. मामंजींनी वर पाहिलं. काड्यांवरून त्यांची नजर हळूहळू फिरली, वासे मोजावेत तशी.

"छपराला हात लावायला पाहिजे," ते म्हणाले. "उद्या बघतो."

आणि गंमत अशी, की त्या संध्याकाळी दिवे लागले तरी ते उठले नाहीत. छत्रीखाली पाय जवळ घेऊन बसून राहिले, आपल्या जागी असल्यासारखे. मग तिच्या हाताला रग लागली, छत्री कलली, कंदिलाचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर आला. लगेच त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"वन्सं," दुसऱ्या दिवशी ती पोतं ओढत म्हणाली, "मी मामंजींना घर शिवते."

"काय शिवतेस?"

"घर. अंगात घालायचं."

वन्संनी कपाटावरच्या नाक तुटलेल्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना?" त्या त्याला म्हणाल्या. "आता हिचंही गेलं."

न नेलेल्या छत्र्यांचे निम्मे मालक त्याच शाळेत निघाले. ती एकेक छत्री घेऊन वर्गावर्गातून फिरली. परक्याच्या कापडाला विचारल्याशिवाय कात्री लावणं तिला जमलंच नसतं.

"अरे, ही माझी!" पाववाला ओरडला. "मी समजत होतो बसमध्ये विसरलो. दुरुस्त झाली?"

"झाली केव्हाच. कापू का?"

"दुरुस्त करून मग कापणारी तू पहिलीच," असं म्हणून तो पोट हलेस्तोवर हसला. "काप, काप. डोक्यावर छप्पर नाही आणि छत्री घेऊन मिरवू कुठं?"

कुणा मुलीची पिवळी छत्री मिळाली. एका नर्सची हिरवी, एका म्हाताऱ्या जोडप्याची निळी. त्या दोघांनी ती कधीकाळी एकत्र घेतली होती आणि परत कोण आणणार यावरून भांडून दुकानातच सोडली होती. गुलाबी छत्रीला मालक मिळाला नाही. छत्रीवालीने तिची मनोमन माफी मागितली.

चित्रकलेच्या बाई रोज होडीतून यायच्या आणि कपाटं उघडून द्यायच्या. कोरे कॅनव्हास, दोऱ्याची रिळं, पडदे, जे असेल ते. छत्रीवाली छत्र्यांच्या त्रिकोणी पाकळ्या जोडत होती ते त्या आधी लांबून बघत राहिल्या, मग जवळ येऊन बसल्या, मग त्यांच्याही हातात सुई आली. हळूहळू आकार दिसू लागला. पायघोळ, बिनबाह्यांचा झगा. हात बाहेर काढायला दोन फटी, वर डोक्यावर घ्यायची टोपी. खालच्या घेरात छत्रीच्या काड्या ओवलेल्या, म्हणजे माणूस बसला की घेर आपोआप फुलावा. टोपीच्या टोकाला आतून एक जाड खोळ. मामंजींनी आपली काठी त्या खोळीत घालून उभी धरली की कापड डोक्यावरून वर जाणार, आणि झग्याचा तंबू होणार. बाहेरून चार भिंतींचे चार रंग, लाल दार, खिडकी, फळी, फळीवर घड्याळ. घड्याळ बाईंनी रंगवलं.

"जरा पुढं दाखवा," छत्रीवाली म्हणाली. "मामंजी ते मुद्दाम पुढं ठेवायचे. म्हणायचे, घरी लवकर पोचल्यासारखं वाटतं."

बाईंनी काटा पुढे सरकवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे काय होतंय, कळतंय का तुम्हाला? हे चित्र आहे. पांघरूण आहे. आणि घरही आहे. अशा गोष्टीला अजून नावच नाही."

"आहे की नाव," वन्सं अंथरुणावरून म्हणाल्या. "वेडेपणा."

पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पर्समधून एक झालरीचा रुमाल काढला. आईच्या हातचा. खिडकी त्यांनी ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि कुणाशी न बोलता पडदा लावून टाकला. टाके वाकडे पडले. छत्रीवालीने ते उसवले नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी घर तयार झालं. अख्खा वर्ग गोळा झाला. मामंजींनी हात वर करून, शहाण्या मुलासारखं ते घालून घेतलं. फटीतून हात बाहेर काढून कापडावरून तळवा फिरवला.

"रंग बरा बसलाय," ते म्हणाले. "दोन हात दिलेत."

लोक हसले. छत्रीवाली त्यांच्या हाताकडे बघत होती. मामंजींचा उजवा हात चाचपडत गेला, आणि रुमालाच्या झालरीवर थांबला. त्यांनी खाली पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, लाल दाराकडे.

"घर छान आहे हो," ते म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचंच की, मामंजी."

"नाही बाई. आमचं दार इकडं." त्यांनी उजवा हात हलवला. मग तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "पण बसायला हरकत नाही. घरमालक येईपर्यंत थांबतो."

आणि ते पाहुण्यासारखे बसले. गुडघे जुळवून, काठी मांडीवर आडवी ठेवून. चहा दिला तर "नको, उगाच कशाला तसदी" म्हणाले. दिवे लागले तसे उठले. "बराय, येतो मी. घरी वाट बघत असतील." अंगावर चार भिंती घेऊन ते पायऱ्यांकडे निघाले. दोघींनी दोन्हीकडून धरलं, तेव्हा त्यांनी हात जोडले.

"मला जाऊ द्या ना," ते म्हणाले, इतक्या अदबीने, की वन्सं भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

चूक छत्रीवालीचीच होती. लाकडी फळ्यावर झगा पसरून, समोर बसून तिने शिवलं होतं. आपल्या उजव्या हाताला दार लावलं होतं. अंगात घातल्यावर ते मामंजींच्या डाव्या हाताला गेलं. कपडे शिवणाऱ्या कुठल्याही बाईने ही चूक केली नसती.

"छत्रीला डावं-उजवं नसतं हो, वन्सं," ती म्हणाली. "आजवर कधी लागलंच नाही."

वन्सं काहीतरी खोचक बोलणार होत्या. पण त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेच तिला जास्त लागलं. दार दुहेरी टाक्यांनी बसवलेलं, भिंती एकमेकींत गुंतलेल्या. उसवून पुन्हा लावायला सकाळपर्यंतचा वेळ कुठला पुरणार?

सकाळी बारीक पाऊस होता. शाळेमागच्या चढावर, जिथे पाणी पोचलं नव्हतं, ट्रक उभे राहिले. त्यांच्यामागे इस्पितळाची पांढरी गाडी. सगळे चढले. पाववाला, नर्स, ते भांडकुदळ म्हातारा-म्हातारी. मामंजी झगा घालून ओट्यावर बसले होते.

"मी घरी जाणार," ते शांतपणे सांगत होते. "हे ज्यांचं आहे त्यांना द्या परत."

साहेब जवळ आले. त्यांच्याबरोबर इस्पितळाचे दोघे होते. साहेबांनी छत्रीवालीकडे पाहिलं नाही, त्यांना ते जमलं नसावं.

"आजोबा, आधी हे काढू या हं," दोघांतला एक म्हणाला. माणूस वाईट नव्हता. ओला सदरा काढावा तसा त्याने झगा घेराकडून धरला आणि डोक्यावरून ओढून काढला. तो संबंध उलटा होऊन त्याच्या हातात आला. भिंती आत गेल्या, शिवणी बाहेर आल्या. घेराच्या उघड्या तोंडातून आत लाल दार दिसत होतं.

छत्रीवाली बघत राहिली. तिचा उजवा हात आपोआप हलला, मग डावा.

"थांबा!" ती म्हणाली. "तसंच द्या. सुलटं करू नका!"

तिने तो उलटा झगा मामंजींच्या डोक्यावरून घातला. आता बाहेरून सगळ्या गाठी, लोंबणारे दोरे, कापडाच्या कच्च्या कडा, काड्यांची बोचकी टोकं. ट्रकमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने मामंजींच्या हातात काठी दिली. वरची खोळ आता बाहेर आली होती. तिने टोपीचं टोक काठीवर बसवून दोऱ्याने आवळलं आणि काठी आतून उभी करून दिली. कापड वर चढलं, घेर फुलला, आणि म्हातारा दिसेनासा झाला. ओट्यावर एक ओबडधोबड, गाठाळ तंबू तेवढा उरला. त्यावर पाऊस टपटपत होता.

ट्रकमधला तो हसणाराही वाकून बघू लागला.

मग कापड हललं. आतून एक तळवा कापडावरून सरकत चालला होता, बाहेरून त्याचा फुगवटा दिसत होता. चाचपडत तो उजवीकडे गेला. थांबला. पाची बोटं पसरली, आणि चौकटीवर टेकली.

"सूनबाई?"

"ओ, मामंजी."

"बाहेर पावसात काय करतेस? आत ये."

ती वाकून घेराखालून आत शिरली. आत सगळं उजळलेलं होतं. बाहेरचा करडा दिवस छत्र्यांच्या कापडातून पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी होऊन येत होता आणि मामंजींच्या पांढऱ्या दाढीवर सांडत होता. पावसाचा आवाज कौलांवरच्यासारखा. क्षणभर तिलाही वाटलं, सासूबाई चुलीपाशी असतील, नवरा दुकान बंद करून येतच असेल.

"कधी आलो गं आपण?"

"हे काय, आत्ताच."

"सगळं जागच्या जागी आहे ना?"

"आहे."

त्यांनी फळीकडे पाहिलं. "घड्याळ पुढं गेलंय."

"राहू दे मामंजी."

"हां. राहू दे."

तिने ओला पदर पिळला. मग म्हणाली, "टेकडीवर काम निघालंय. कोरे पत्रे आहेत सगळे, रंग द्यायचाय. गाडी आलीये न्यायला."

"दारात?"

"दारात उभी आहे."

मामंजी काठीवर रेलून उठले. "मग चल," ते म्हणाले. "दार तेवढं ओढून घे."

फटीतून हात, टोपीतून डोकं बाहेर आलं. दोरे लोंबत, गाठी मिरवत, चारही भिंती आत घेऊन ते चढ चढले, आणि कुणाचा हात न धरता ट्रकमध्ये जाऊन बसले. साहेबांनी पांढऱ्या गाडीकडे पाहून हात हलवला. गाडी मागे फिरली.

टेकडीवर मग ज्याला त्याला असं घर हवं झालं. लोक जुने पडदे, चादरी, छत्र्या घेऊन यायचे. छत्रीवाली खांदा मोजत नसे, छाती मोजत नसे. समोर बसवायची आणि सांगायची, "डोळे मिटा. आपल्या अंथरुणावर बसा. आता सांगा, दार कुठल्या हाताला?" माणसं डोळे मिटून हात उचलायची, आणि पुष्कळदा तो हात बराच वेळ तसाच राहायचा. मग ती भिंती आतल्या बाजूला लावायची. संध्याकाळी कंदील लागले की टेकडीवर जागोजागी रंगीत तंबू उजळत; खालून होडीतून बघणाऱ्यांना वाटे, बुडालेलं गाव वर येऊन बसलंय.

साहेबांची बदली झाली तेव्हा तेही आले. तिने डोळे मिटायला सांगितलं. ते कितीतरी वेळ तसेच बसले. "सरकारी घरं बदलत राहिलो, ताई," शेवटी म्हणाले. "आठवत नाही." तिने त्यांना दोन्ही हातांना दारं लावून दिली. पुढे ते निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले एवढं कळलं. पाववाल्याने टेकडीवरच भट्टी टाकली. आता त्याचा नातू चालवतो. ते भांडणारे म्हातारा-म्हातारी एकाच झग्यात राहायचे आणि खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडायचे. आधी म्हातारा गेला, आणि मग म्हातारीने खिडकी कायम उघडी ठेवली.

मामंजींनी शेडचे पत्रे खरोखरच रंगवले, उरल्यासुरल्या डब्यांतून. त्यानंतर पायऱ्या, पाणी, नदी, कशाकडेच ते गेले नाहीत. पुढच्या पावसाळ्यानंतरच्या एका दुपारी ते आपल्या घरात, काठी उभी करून बसल्या बसल्याच गेले. हात चौकटीवर होता.

चित्रकलेच्या बाईंनी तो झगा मागून नेला. मोठ्या शहरात प्रदर्शन भरवलं, त्यावर बोलल्या, लिहिलं. त्यांच्यामागे तो तिथल्या संग्रहालयाकडे गेला. "एकदा येऊन बघा," असं त्या मरेपर्यंत म्हणत होत्या. नणंद-भावजय दोघींचं जाणं झालं ते अगदी म्हातारपणी. वन्सं तोवर ठार बहिऱ्या झाल्या होत्या, आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून कान संपले असं म्हणायच्या. दोघी एका खोलीत राहत, आणि ती खोली, सांगायला नकोच, चार रंगांची होती.

संग्रहालयात काचेच्या पेटीत झगा टांगला होता. भिंती बाहेरच्या बाजूला, रंग नुकते धुतल्यासारखे, शिवणी आत.

"उलटा टांगलाय गं!" वन्सं ओरडल्या. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं.

"आजी, हीच सुलटी बाजू आहे," तिथली मुलगी हसून म्हणाली.

"असेल," छत्रीवाली म्हणाली.

ती काचेजवळ गेली. लाल दाराच्या कडेला, छातीच्या उंचीवर, कापड काळपट आणि गुळगुळीत झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो डाग वाटला असता. तिने आपला तळवा काचेपासून जरा दूर, बरोबर तेवढ्या उंचीवर धरला. त्या डागाच्या मानाने तिचा तळवा लहान होता.

बंद व्हायची वेळ झाली असावी. दालनातला उजेड कमी झाला आणि वाटेवरचे दिवे एकेक करून लागले. वन्संनी तिच्या दंडाला धरलं.

"दिवे लागले," त्या म्हणाल्या. "चल. घरी जाऊ."

दोघी एकमेकींच्या आधाराने निघाल्या. बाहेर पडताना छत्रीवाली थांबली, उंबऱ्याशी वळली, आणि ते मोठं जड दार तिने दोन्ही हातांनी हलकेच ओढून घेतलं.